बेपत्ता जावयाचा पत्रव्यवहार

हरवलेला माणूस शोधून काढणं त्या मानानं सोपं असतं. तो हरवलेला आहे हे सरकारदरबारी पटवून देणं महाकठीण. हे मी ऐकीव सांगत नाही. आमचे जावई रूपराव शहात्तर सालच्या फेब्रुवारीत 'पुलगावले जाऊन येतो' म्हणून घरातून निघाले, ते आलेच नाहीत. भांडण नाही, तंटा नाही, चिठ्ठी नाही. जाताना छत्री तेवढी घेऊन गेले. फेब्रुवारीत छत्री कशाला, हा प्रश्न त्या वेळी कुणालाच पडला नाही आणि नंतर पडून काही उपयोग नव्हता.

ते का गेले आणि कुठे गेले, यात मी शिरत नाही. आमच्या घरात त्यात जो जो शिरला त्याचं डोकं दुखायला लागलं. मला सांगायचं आहे ते एका फॉर्मबद्दल.

माझी धाकटी बहीण नलू, म्हणजे या रूपरावांची बायको, नवरा गेल्यापासून वर्ध्याला माझ्याकडेच राहायची आणि रोज बसनं सेवाग्रामच्या दवाखान्यात आयाच्या कामाला जायची. मॅट्रिक झालेली, हुशार. तिथल्या सिस्टर लोकांनी तिच्या डोक्यात घातलं की नागपूरला नर्सचं ट्रेनिंग कर. चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये तिनं फॉर्म आणला आणि माझ्यापुढे ठेवला. वयाची अट पस्तीस. नलूला चौतीस लागायचं होतं. म्हणजे हे वर्ष आणि पुढचं वर्ष, मग दार बंद.

मी शिक्षण खात्यात हेड क्लार्क. सत्तावीस वर्षं लोकांचे अर्ज 'रकाना रिकामा' असा शेरा मारून परत पाठवण्यात माझी हयात गेली. त्यामुळे नलूचा फॉर्म मी चष्मा पुसून वाचायला घेतला आणि नवव्या रकान्यावर अडकलो. 'विवाहित असल्यास पतीचे संमतीपत्र. विधवा वा घटस्फोटित असल्यास दाखला.' आता आमची नलू विवाहित होती, पण पती नव्हता. विधवा होती की नाही हे देवाला माहीत. घटस्फोटित तर नव्हतीच.

"आन इकडे," मी म्हणालो. "रूपरावची सही मी करून देतो."

नलूनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पेनचं टोपण परत लावलं.

"भाऊ, आता पुरे झालं," ती म्हणाली. "मले मोकळं करून दे. कागदावर मोकळं."

त्या वर्षीचा फॉर्म अर्थातच परत आला, 'रकाना क्र. ९ रिकामा' असा शेरा घेऊन. शेरा ठसठशीत अक्षरात आणि अगदी नियमाप्रमाणे होता. मलाच तो इतका झोंबला की मी त्या दिवशी कचेरीत एकही अर्ज परत केला नाही.

मग मी हिरालालजी वकिलांकडे गेलो. हिरालालजींचं घराणं कापडाच्या व्यापारातलं, त्यामुळे कायदाही ते थान उलगडल्यासारखा समोर पसरून दाखवतात.

"देखो प्रभाकरराव, एकदम सीधी केस आहे. सात साल माणसाची कोई खबर नाही. ज्यांना लागायला पाहिजे, घरच्यांना, शेजाऱ्यांना, त्यांनाबी नाही. मग कोर्ट म्हणते ठीक आहे, बाई मोकळी. आपल्याला फक्त मोहल्ल्यातले दोन भले लोक पाहिजेत. त्यांनी यायचं आणि सांगायचं, हमने कुछ नहीं सुना. पंधरा मिनटाचं काम."

मोहल्ल्यातले भले लोक म्हणताच माझ्या घशात चहा अडकला. कारण आमच्या मोहल्ल्यात रूपरावांची खबर नाही असं एकही घर नव्हतं. आणि ती खबर पुरवणारा माणूस हिरालालजींच्या समोरच्या खुर्चीत बसून खोकत होता.

झालं होतं असं. रूपराव गेले आणि आमच्या आईनं अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब आहे, धक्का बसेल असं काही सांगू नका. दिवाळी आली. शेजारच्या वच्छलाबाई दारातूनच ओरडल्या, "जावईबापू नाई आले काय हो?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भिलाईले नोकरी लागली न त्याले. रजा नाई भेटून राह्यली."

एकदा जावयाला नोकरी लागली की त्याला पत्र लिहावं लागतं. नाही लिहिलं तर तो वाईट ठरतो आणि आपण त्याच्याहून वाईट. पहिलं पत्र मी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत लिहिलं, अक्षर तिरकं करून, आणि तिथल्याच टपालपेटीत टाकलं. ते घरी आल्यावर आईच्या खाटेजवळ बसून मोठ्यानं वाचलं. वच्छलाबाई उंबऱ्यावर बसून ऐकत होत्या. नलू स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती. पोरीला रडू आवरत नाही असं पाहून माझेही डोळे भरून आले. आई उठून बसली आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवली. मला वाटलं, यात कुणाचं काय बिघडलं?

पुढे मग थांबणं जमेना. दर दोन-तीन महिन्यांनी पत्र. दर दिवाळीला रूपरावांकडून नलूला लुगडं. ते माझी बायको सुमित्रा आणि मी परगावच्या दुकानातून आणायचो आणि नलूच्या नावावर पार्सल करायचो. यावरून सुमित्रानं मला सात वर्षं ऐकवलं. "भिलाईवाल्या जावयाची पसंती पाहा. मोरपंखी आणतो. तुमाले माह्यासाठी एकदा तरी मोरपंखी दिसलं काय?"

तीन अधिक महिने आले. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यावं लागतं. आईचा हट्ट, जावयाला रजा नसेल तर वाण तिकडे पोचतं करा. अनारसे तळले वच्छलाबाईंनी, कारण आमच्या गल्लीत त्यांच्या हातचे अनारसे तुपात विरघळत नाहीत असा लौकिक होता. मी नवं धोतर नेसून, डबा काखेत धरून, साऱ्या गल्लीच्या समोर भिलाईला निघायचो आणि पवनारला उतरायचो. धाम नदीच्या काठावर बसून दिवसभरात तेहतीस अनारसे संपवणं हे एकट्या माणसाचं काम नाही. पहिल्या वेळी अकरा खाल्ले आणि तीन दिवस आजारी पडलो. पुढच्या दोन्ही वेळांना नदीवर आंघोळीला आलेल्या अनोळखी लोकांना हात धरधरून खायला घातले. परत आल्यावर वच्छलाबाई विचारायच्या, "काय म्हने जावई?" मी सांगायचो, "खुसखुशीत झाले म्हने."

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात आई गेली. तेराव्याला जावई का नाही आला, असं कुणी विचारायच्या आत मी नागपूरला जाऊन स्वतःच्याच नावावर दुखवट्याची तार केली आणि ती घरी आल्यावर चारचौघांत वाचून दाखवली.

हे सगळं मी हिरालालजींना सांगितलं. त्यांनी समोरची फाईल बांधून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "प्रभाकरराव, केस सीधी होती. आप टेढे निकले."

अर्ज दाखल झाला आणि खरी मजा सुरू झाली. कोर्टाचं समन्स रूपरावांच्या शेवटच्या पत्त्यावर, म्हणजे सेलूला त्यांच्या वडिलांकडे, नत्थूजींकडे गेलं. बेलिफानं विचारलं, रूपराव कुठे आहेत. नत्थूजींनी शांतपणे सांगितलं, "वर्ध्याले असते. साळ्याजवळ." बेलिफ सज्जन माणूस, तो वर्ध्याला आमच्या घरी आला. मी कचेरीत होतो. गल्लीनं एकमुखानं त्याला सांगितलं की जावईबापू भिलाईला असतात, फार जीव लावणारा माणूस आहे, बायकोला दिवाळीचं लुगडं चुकत नाही. बेलिफानं हे सगळं लिहून घेतलं आणि खाली दोन पंचांच्या सह्या घेतल्या. त्यातली एक वच्छलाबाईंची, मोठ्या अक्षरात.

पुढच्या तारखेला न्यायाधीशसाहेबांनी तो अहवाल वाचला. साहेब वयानं माझ्याएवढेच, मिशी बारीक, बोलणं सावकाश.

"प्रतिवादीचा ठावठिकाणा दोन गावांना माहीत आहे," ते म्हणाले. "फक्त अर्जदारबाईंना नाही. वर्तमानपत्रात नोटीस द्या, आणि पुढच्या तारखेला या शेजाऱ्यांना हजर करा."

मी तडक सेलूला नत्थूजींकडे गेलो. भांडायचं ठरवूनच गेलो होतो. ओसरीवर म्हातारा एकटाच तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. मला पाहून त्यानं आधी पाणी आणलं, मग मान खाली घातली.

"मी का सांगू लोकाले?" नत्थूजी म्हणाले. "पोरगा बायकोले टाकून पळाला, असं सांगू? म्हनून म्हटलं वर्ध्याले हाय, सासुरवाडीले, मजेत हाय. तुमी का सांगतलं?"

"भिलाई."

त्यांनी एक शेंग सोलली. "पहिले एकमेकाले इचारून घेतलं असतं बापा, तं एक गाव तरी ठरलं असतं."

आम्ही दोघंही हसलो. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी भांडण न करता त्यांच्याबरोबर शेंगा सोलत बसलो. निघताना ते म्हणाले, "नलू लाखाची पोरगी हाय. तारीख कळवजो. मी येतो."

वर्तमानपत्रात नोटीस आली. 'रूपराव नत्थूजी, हल्ली ठिकाण माहीत नाही', आणि खाली अर्जदार म्हणून नलूचं नाव. सकाळी आठ वाजता वच्छलाबाई पेपर घेऊन दारात.

"ठिकाण माहीत नाई म्हनजे? भिलाईचा पत्ता हाय न तुमच्याजवळ? पेपरात देऊन राह्यले तं पोस्टकार्ड टाका न साधं!" मग त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढाच ठेवला. "का नलूलेच आता नवरा नोको? नोकरीवाली झाली म्हना. इतका गुणाचा मानूस, आन त्याले सोडून राह्यली!"

आणि बघता बघता गल्ली फिरली. जिच्यासाठी मी सात वर्षं इज्जत राखत होतो ती नलू नळावर गेली की बायका गप्प व्हायच्या. एकीनं तिला तोंडावर विचारलं, "असा नवरा भेटते काय कोनाले? काऊन सोडून राह्यली व बाई?" दुसरीनं सल्ला दिला की सोळा सोमवार कर, डोकं ठिकाणावर येईल. नलू घागर भरायची, घरी यायची, बस धरायची.

रूपराव मी इतका चांगला रंगवला होता की त्याला सोडणारी बाई वाईटच ठरणार. हे मला दिसत होतं. झोप येत नव्हती. सुमित्रा म्हणाली, "गल्लीले खरं सांगून टाका ना." मी म्हणालो, "सांगतो." आणि रोज सकाळी दाढी करताना ठरवून कचेरीत निघून जायचो. गल्लीत लोक मला 'साहेब' म्हणतात हो. मुलांचे दाखले, म्हाताऱ्यांचे अर्ज माझ्याकडून तपासून नेतात. त्यांना कसं सांगू की या साहेबानं खोटी पत्रं लिहिली?

पंच्याऐंशीच्या एप्रिलमध्ये ती तारीख आली. फॉर्मची मुदत मेअखेर, आणि मधे कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी. म्हणजे आज नाही तर कधीच नाही, हे हिरालालजींनी मला पायरीवरच सांगून ठेवलं.

वच्छलाबाई ठेवणीतलं पातळ नेसून आल्या होत्या. शपथ घेताना त्यांनी हात इतका वर नेला की वाटलं, छताला लागतो. मग जी गाडी सुटली. "पत्रं? दर दोन महिन्याले, साहेब. मी सोता ऐकलेली हायेत, उंबऱ्यावर बसून. लुगडी आलती. एक मोरपंखी, एक राणी कलर, एक..." साहेबांनी हात वर केला, तरी दोन लुगडी राहिलीच म्हणून त्यांनी ती सांगून टाकली. "अनारसे तं म्या तळले. तेहतीस. तीन अधिक महिने. प्रभाकररावभाऊनं नेऊन देल्ले, जावयाले खुसखुशीत लागले. माय गेली तवा तार आलती. आता इतका जीव लावणारा मानूस बेपत्ता हाय असं मी कसं म्हनू? देवाची शपथ घेतली हाय म्या."

एक अक्षर खोटं बोलल्या नाहीत. साहेबांनी चष्म्यावरून नलूकडे पाहिलं. त्या पाहण्यात मला गल्लीतला नळ दिसला.

मग माझं नाव पुकारलं. हिरालालजींनी विचारलं, "ही पत्रं, लुगडी, तार कुणी पाठवली?"

"मी," मी म्हणालो.

माझ्याच कानांना ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा म्हणालो, "मी पाठवली, साहेब. सगळी. आईला धक्का बसू नये म्हणून."

मागे कुणाचा तरी डबा खाली पडला.

साहेब पुढे वाकले. "सात वर्षं खोटं बोललात म्हणता. आज खरं बोलताय हे कशावरून मानू? बहिणीला घटस्फोट मिळावा म्हणून आजच खोटं बोलत नसाल कशावरून?"

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या शब्दाला कुणी पुरावा मागितला नव्हता. मीच दुसऱ्यांना मागायचो. घाम पुसायला रुमाल काढला तर तो सुमित्राचा निघाला.

"साहेब," नलू जागेवरून उठली. "पत्रं माह्याजवळ हायेत."

तिनं पिशवीतून एक गठ्ठा काढला. दवाखान्यातल्या बँडेजच्या पट्टीनं बांधलेला, तारखेप्रमाणे लावलेला. तो साहेबांपुढे गेला. त्यांनी वरचं पत्र उघडलं, वाचलं. मग दुसरं वाचलं. मग मिशी झाकून तिसरं.

"'जावक क्रमांक तीन, एक्क्याऐंशी,'" साहेब मोठ्यानं वाचायला लागले. "'विषय: खुशाली कळविणेबाबत. संदर्भ: आपले पत्र मिळाले नाही. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, माझी प्रकृती समाधानकारक आहे. सौ. नलूच्या खोकल्याबाबत यथायोग्य कार्यवाही करण्यात यावी व केलेल्या कार्यवाहीचा अहवाल उलट टपाली सादर करावा.'"

कोर्ट हसलं. बेलिफ हसला. भिंतीला टेकून उभा असलेला पोलीसही हसला. मी मात्र खरोखर चकित होऊन ऐकत होतो, कारण यात हसण्यासारखं काय आहे ते मला त्या क्षणीही कळलं नव्हतं. पत्र असंच लिहितात.

"रूपराव किती शिकलेले?" साहेबांनी विचारलं.

"चवथी, साहेब," नत्थूजी मागच्या बाकावरून उठून म्हणाले. "तेही दोन डाव."

"आन शिक्का पाहा साहेब," नलू म्हणाली. "सगळ्यायवर वर्ध्याचा हाय. भिलाईचा एकबी नाई."

येणाऱ्या टपालाचा शिक्का तपासल्याशिवाय मी आजवर एकही लिफाफा आत घेतला नव्हता.

"तुम्हाला हे कधी कळलं, बाई?"

"पयल्याच पत्राले."

"मग बोलल्या नाहीत?"

"माय ऐकून राह्यली होती न साहेब. भाऊ असा मन लावून वाचे, आन माय त्याच्या तोंडाकडे पाहे. मी दारात तोंडाले पदर लावून उभी राहो. हसू येऊन राह्यलं असे मले. मंग मागच्या दारी जाऊन रडो."

वच्छलाबाई उभ्या राहिल्या. साहेबांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "भाऊ, म्हनजे ते अनारसे..."

"बाई, बसा," साहेब म्हणाले. मग त्यांनी गठ्ठ्यातला शेवटचा कागद काढला. ती तार होती. ती त्यांनी दोनदा पाहिली आणि हसू पुसून माझ्याकडे वळले. "प्रभाकरराव, हे सगळं आईसाठी केलं म्हणालात."

"हो."

"ही तार आई गेल्यानंतरची आहे. ही कुणासाठी?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे दीड वर्ष तयार होतं आणि मी ते कधी उघडून पाहिलं नव्हतं. नलू माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. वाट पाहिल्यासारखी.

"माझ्यासाठी, साहेब," मी म्हणालो. "लोकांत माझी मान खाली जाऊ नये म्हणून. आईचं नुसतं नाव."

कोर्टात आता कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं, असं काही बोललो तर जमीन दुभंगेल. जमीन होती तिथेच होती. साहेबांनी मला बसायला सांगितलं, स्टेनोला बोलावलं आणि नत्थूजींची साक्ष घेऊन त्याच दुपारी निकाल सांगितला. अर्ज मंजूर.

निकालाची नक्कल मिळवायला पुढे अठरा दिवस गेले. नकलेच्या खिडकीवर माझ्यासारखाच एक गृहस्थ बसला होता. माझा अर्ज त्यानं दोनदा परत केला. एकदा मार्जिन कमी म्हणून, एकदा जास्त म्हणून. तिसऱ्या वेळी मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि माझ्या खिडकीसमोर सत्तावीस वर्षांत किती लोक असे उभे राहिले असतील याचा हिशोब करायला गेलो, तो लागेना. फॉर्म मुदतीच्या चार दिवस आधी गेला आणि नलूला जागा मिळाली.

गल्लीत माझं 'साहेब' जाऊन 'भिलाईवाले' झालं. कचेरीत आमचे वरिष्ठ म्हणाले, "प्रभाकरराव, मसुदा उत्तम, फक्त प्रत माहितीस्तव कुणाला ते राहिलं." मी हसलो. वच्छलाबाई माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत आणि ते बरोबरच होतं. मात्र कोर्टातून आल्या त्याच संध्याकाळी त्या नलूकडे गेल्या, तिचे दोन्ही हात हातात घेऊन रडल्या आणि दुसऱ्या दिवशी नळावर उभं राहून सगळ्या बायकांना त्यांनी अशी काही साक्ष दिली की कोर्टातली त्यापुढे काहीच नाही. नलूची घागर आता बायका आधी भरू देतात, असं सुमित्रा सांगत होती.

जूनच्या शेवटी मी नलूला नागपूरच्या बसवर पोचवायला गेलो. ट्रंक टपावर चढवली. ती खिडकीशी बसली, मी खाली उभा. बस सुटायला वेळ होता. मला काही तरी बोलायचं होतं आणि मी पाण्याची बाटली, सामानाची पावती, हॉस्टेलचा पत्ता असं सगळं तिसऱ्यांदा विचारून झालं होतं.

"नलू," शेवटी मी म्हणालो, "मी पयलंच पत्र लिहलं नसतं, तं तू कवाच मोकळी झाली असती."

"हाव," ती म्हणाली. "तो गेला तवा पंचविशीत होती न मी. आता पस्तीशी आली."

"चुकलं माझं."

आमच्या घराण्यात मोठ्या भावानं धाकट्या बहिणीला असं म्हटल्याचं मला आठवत नाही. नलूनं 'जाऊ दे भाऊ' म्हणावं असं मला वाटत होतं. खोटं कशाला सांगू, मी वाटच पाहत होतो.

"चुकलंच, भाऊ," ती म्हणाली. मग तिनं खिडकीतून हात काढून माझ्या सदऱ्याची वाकडी झालेली कॉलर सरळ केली. "ऊन लागून राह्यलं. घरी जाय. वहिनीले सांगजो, निघाली म्हना."

कंडक्टरनं घंटी दिली. बस स्टँडच्या बाहेर वळेपर्यंत मी हात वर करून उभा होतो. आता ती वळून पाहील, मग वळून पाहील, असं वाटत होतं. ती पुढचा रस्ता पाहत बसली होती. तिनं एकदाही मागे पाहिलं नाही, आणि मला फार बरं वाटलं.